फुलपाखराचं कपाट

मात्सुमोतो
१४ ऑक्टोबर १९८४

सुमिए,

डोंगरमाथ्यावर बर्फ धरलं, सफरचंदं उतरवायला माणसं मिळेनाशी झाली, आणि माझे गुडघे नेहमीसारखे कुरकुरू लागले. तिकडे पश्चिमेला तुमच्या किशिवादाला अजून उकडत असेल. ऋतूची विचारपूस झाली, आता कामाचं लिहिते.

पाकिटावर माझं नाव वाचून तू हे पत्र तसंच केरात टाकलं नसशील असं धरून चालते. तीन वर्षांत आपण एकमेकींना नवीन वर्षाचं कार्डसुद्धा धाडलेलं नाही. घाबरू नकोस, तुला परत बोलवायला लिहीत नाही. आमच्या नोबुहारूचं लग्न ठरलंय. एप्रिलमध्ये आहे. तू त्याला सोडून गेलीस म्हणून तो जन्मभर एकटा बसेल असं तुलाही वाटलं नसेल. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मुलीचं नाव कानाए. शिओजिरीला तिच्या वडिलांचं केस कापायचं दुकान आहे. आई ही लहान असतानाच वारली. मुलगी दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, हळू बोलते, आणि बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघते. त्यामुळे मी तिच्यासमोर फारशी हसत नाही. आई नाही, तेव्हा लग्नात खणांचं कपाट कोण देणार? वडिलांना कपड्यांतलं आणि कपाटातलं काय कळतं? मी म्हटलं, आपणच घेऊ एक, नवीन. तर ती म्हणाली, "आई, जुनं घेऊ या ना. मला जुनं आवडतं." जुनं आवडतं म्हणणाऱ्या माणसांचा मला भरवसा वाटत नाही. ज्यांना घरात जुनं पुसत बसावं लागतं त्यांना ते कधी आवडत नाही.

पण घ्यायचं तर चांगलं घ्यावं. म्हणून नाकामाचीतल्या फुरिहाताच्या जुन्या सामानाच्या दुकानात तिला घेऊन गेले. तिथे एक कपाट आहे. किरीच्या हलक्या लाकडाचं, एकावर एक बसणारे दोन भाग, कारागिराने धुऊन, वरून रंधा मारून साफ केलेलं. इतकं उजळ की मला पहिला संशय आला तो हा, की हे जुनं नाहीच. कुलपाच्या पट्ट्या मात्र जुन्या वाटतात. कानाए त्याच्यासमोर उभी राहिली ती हलेना.

तुमच्या गावात घरटी एक माणूस कपाटं करतो, तुझे मामाही त्याच धंद्यातले. म्हणून विचारते. किरीचं जुनं कपाट खरं आहे की नाही हे कसं ओळखायचं? मी फक्त लाकडाबद्दल विचारतेय, मनात दुसरं काही नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. नोबुहारू आम्हाला गाडीने सोडायला आला होता. दुकानात ये म्हटलं तर आला नाही. बाहेर सिगरेट ओढत उभा राहिला. फुरिहाताने मात्र काचेतून त्याला कमरेत वाकून नमस्कार केला. ओळख नसलेल्या माणसाला कुणी इतकं वाकत नाही. नोबु झटकन वळला आणि समोरच्या साकेच्या दुकानाची पाटी वाचू लागला. ती पाटी तो लहानपणापासून वाचतोय. मला वाटतं या दोघांनी किमतीचं काहीतरी आधीच ठरवलंय आणि म्हातारीला गंडवायचा बेत आहे. बघू.

आणि तुझं कपाट सुखरूप पोचलं होतं ना तेव्हा? इतक्या घाईने नेलंस, मी इस्पितळातून घरी यायचीही वाट पाहिली नाहीस, म्हणून विचारते. वाटेत ओरखडा वगैरे पडला असेल तर वाईट वाटतं, इतकंच.

हात्सुए मोमोसे

मात्सुमोतो
२८ ऑक्टोबर

सुमिए,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी लाकडाच्या आणि एक प्रश्न. खुशाली विचारलीस नाही ते बरंच केलंस, मला खोटं लिहावं लागलं असतं.

तू सांगितलंस तसं केलं. खालचा खण हळूच आत ढकलला. वरचा आपोआप बाहेर आला, कोण आलंय ते बघायला म्हातारं माणूस दारातून डोकावतं तसा. फुरिहाता हात चोळत हसला. म्हणजे आतली हवा जायला फट नाही, काम अस्सल आहे. तो खण आत घातला तर बाजूचा बाहेर आला. कानाएला ते इतकं आवडलं की तिने ते चार वेळा करून पाहिलं, शेवटी मीच तिचा हात धरला. लग्नाआधीच एवढं हसणं बरं नाही.

आता पट्टीवर कुठलं चिन्ह आहे, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुलपाच्या पट्टीवर फुलपाखरू आहे. पंख मिटलेलं.

तू का विचारलंस ते मला कळत नाही असं नाही. पण तुझ्या मनात जे आलं ते काढून टाक. तुझ्या लग्नात मी पुढच्याच रांगेत होते. तुझ्या वडिलांच्या काळ्या किमोनोवर ससाण्याची दोन पिसं होती, एकमेकांवर आडवी ठेवलेली. तुमच्या घराचं चिन्ह पिसांचं. फुलपाखराशी तुमच्या ओकुनो घराण्याचा काय संबंध? माझे गुडघे गेलेत, डोळे शाबूत आहेत.

तुझं कपाट मी उघडं कधी पाहिलंच नाही हे मात्र कबूल करते. ट्रकमधून उतरलं तेव्हा त्यावर वेलबुट्टीचा हिरवा कपडा होता, आणि वर तुमच्या खोलीत गेल्यावरही तो तसाच राहिला. सुनेच्या कपाटाला सासूने हात लावायचा नसतो. तिच्या खणात काय आहे ते नवऱ्यानेही बघायचं नसतं. मी ते जन्मभर पाळलं. शेजारीपाजारी कुणालाही विचार.

आता ऐक, पाणी कुठे मुरतंय ते. नोबुने त्या कपाटाचं नाव काढल्याबरोबर सांगितलं, "आई, दुसरं कुठलंही घे. ते नको. त्याची पाठ तडकलीये."

दुकानात पाऊल न टाकता याला पाठ कशी दिसली? परवा मी एकटीच गेले आणि फुरिहाताला ते भिंतीपासून पुढे ओढायला लावलं. पाठीला एक चीर नाही. मग विचारलं, हे कुठून आलं? म्हणाला, "पश्चिमेकडून, मोमोसेबाई." मी म्हटलं, पश्चिमेकडून म्हणजे कुठून? तेव्हा लगेच म्हणाला, म्हणजे मूळचं तिकडचं, आलंय इथूनच कुठून तरी, विकणाऱ्याचं नाव सांगायची आमच्या धंद्यात रीत नाही. आणि मला न मागता चहा आणि मुळ्याचं लोणचं दिलं. या गावात लोणचं सगळेच देतात, पण फुरिहाता किती चिकट आहे ते मला माहीत आहे. त्याच्या बशीत मुळ्याचे तुकडे मोजून असतात. परवा ढीग होता.

कानाए हट्टाला पेटलीये. घ्यायचं तर हेच, नाहीतर कपाटच नको म्हणते. गरीब गाय वाटली होती, शिंगं आहेत तर.

तुझ्या गावी फुलपाखराचं चिन्ह कुणाचं असतं ते कळलं तर लिही. नुसतं कुतूहल.

हात्सुए

मात्सुमोतो
११ नोव्हेंबर

सुमिए,

तुझं पत्र आलं. आधी इतकं लांब पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. घरात होतीस तेव्हा एवढं बोलली असतीस तर बरं झालं असतं.

तू लिहितेस, तुमच्याकडे बायकांचं चिन्ह वेगळं असतं. घराचं चिन्ह पुरुषांचं. मुलगी आपल्या आईचं चिन्ह घेऊन सासरी जाते, आईने आपल्या आईचं आणलेलं असतं, आणि असं ते बायकाबायकांतून चालत येतं, मधल्या कुठल्याही घराचं नाव त्याला लागत नाही. तुझ्या पणजीपासून ते फुलपाखरू आहे म्हणतेस. वाचून मला हसू आलं. म्हटलं, ही किशिवादाची माणसं पांचट रश्शाला चव आहे म्हणतात, ती काहीही सांगतील.

पण मनात राहिलं. आमच्या देवळातल्या पुजाऱ्यांची बायको क्योतोची, म्हणजे तुमच्याच बाजूची आहे. सुकवायची पर्सिमनची फळं द्यायच्या निमित्ताने गेले आणि विषय काढला. ती आतून आपला काळा किमोनो घेऊन आली आणि पाठीवरचं चिन्ह दाखवलं. आयव्हीचं पान. म्हणाली, आईचं. नवऱ्याच्या घराचं चिन्ह वेगळं, बापाच्याही घराचं वेगळं. चाळीस वर्षं आम्ही एका गल्लीत राहतो आणि मला हे माहीत नव्हतं. आमच्याकडे बाईला असं स्वतःचं काही देत नाहीत, म्हणून डोक्यात आलं नाही.

तेव्हा पत्राचा पहिला भाग खरा निघाला. पण त्याने मला दुसरा भाग पटवू नकोस. अर्धं खरं सांगणारी माणसं उरलेलं अर्धं फार सफाईने खोटं सांगतात.

तुझी ओळ मी इथे तशीच उतरवते, म्हणजे तुलाही वाचायला बरी: "कपाट मी नेलं नाही. मी फोन केला होता. नोबुहारू म्हणाला, आई देत नाही म्हणते, घरात आलेली वस्तू घरातच राहील म्हणते, तुझं तू तिच्याशी बोल. मी बोलले नाही. तुम्ही ते ठेवून घेतलंत. आणि आता मलाच विचारताय की ओरखडा पडला का."

ठेवून घेतलं? मी? चोराच्या उलट्या बोंबा त्या याच. माझी कंबर कापली होती, मी पलंगावर आडवी होते. घरी आले तर तुमच्या खोलीत ताताम्यांच्या चटयांवर कपाटाच्या पायांचे चौकोन तेवढे उरले होते, बाकी खोली रिकामी. नोबु म्हणाला, तिने ट्रक पाठवला होता, दोन माणसं आली, तुला निरोपसुद्धा ठेवला नाही. मी त्या रात्री जेवले नाही. बायको नवऱ्याला सोडून जाते, हे होतं जगात. पण मी तुला ताप आला तेव्हा तांदळाची पेज करून जिन्यावरून रांगत वर आणली होती, आणि तू मला इस्पितळात भेटायला न येता आधी कपाट हलवलंस, हे मी तीन वर्षं मनात धरून बसले आहे. आणि तू म्हणतेस की कपाट माझ्याकडे आहे!

तर आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, तूच ते विकलंस आणि आता गळा काढतेस. दुसरी मी लिहीत नाही. लिहिलेलं पुसता येत नाही आणि माझ्या घरात अजून लग्न व्हायचंय.

मंगळवारी फुरिहाताकडे जाते. मला नाव सांगायची रीत नाही म्हणे. बघते त्याची रीत.

हात्सुए

मात्सुमोतो
१५ नोव्हेंबर

सुमिए,

हे पत्र सकाळी लिहायला बसले होते, आता दिवस उतरला. तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही कागदांनी शेगडी पेटवली.

मंगळवारी गेले. विचारलं असतं तर त्याने सांगितलं नसतं, म्हणून विचारलंच नाही. आत शिरले, छत्री ठेवली आणि रागाचा चेहरा केला. तो मला फारसा करावा लागत नाही. म्हटलं, "फुरिहातासान, माझा मुलगा म्हणतो तुम्ही त्याला फार कमी दिलंत. सुनेचं कपाट, तेही असं, आणि तुम्ही लाकडाच्या भावाने घेतलंत."

त्याचा चेहरा पडला. हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाला, "मोमोसेबाई, हे बरोबर नाही. मी भाव चांगला दिला. उलट तेच म्हणाले, लवकर न्या, आई इस्पितळातून यायच्या आत न्या. तेव्हा ते काळं पडलं होतं, धुवायला सहा महिने नंबर लागला कारागिराकडे, मग कुठे दुकानात मांडलं. तुम्हीच त्यांना विचारा."

मी त्याच्याच स्टुलावर बसले. माझं काम झालं होतं, आता राग काही आणावा लागेना. त्याला कळलं असावं, कारण तो पाणी घेऊन आला. मी म्हटलं, कुलपावर बाईचं चिन्ह, विकायला आलेला एकटा पुरुष, तुम्हाला काही वाटलं नाही? तो खाली बघून म्हणाला, "वाटतं. पण वाटलेलं सगळं विचारलं तर दुकान चालत नाही." निदान तो खरं बोलला. पश्चिमेकडून का म्हणाला तेही कळलं. किशिवादाचं काम त्याने पाठीचे खिळे बघून ओळखलं होतं. ते लाकडाचे असतात म्हणे, लोखंडाचे नाही. हे तुला सांगायला नको.

खाई त्याला खवखवे. दुकानाबाहेर सिगरेट, पाठीला तडा, दुसरं कुठलंही घे. सगळं समोर होतं, आणि मी मात्र फुरिहातावर, त्या पोरीवर, तुझ्यावर, सगळ्यांवर संशय घेत बसले. घरात जेवायला बसतो त्याच्यावर मात्र घेतला नाही. घेतला असेल तर लिहिला नाही.

रात्री जेवण झाल्यावर नोबुला सांगितलं की फुरिहाताने सगळं सांगितलं. तो आधी हसला. तो हसून सुरुवात करतो, तुला माहीत आहे. मग म्हणाला, "आई, ती टाकून गेली होती. टाकलेली वस्तू."

मी म्हटलं, टाकलेली असती तर तिने फोन केला नसता.

मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुझ्या ऑपरेशनला लागले पैसे. तुझ्यासाठीच विकलं. तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

सुमिए, माझ्या ऑपरेशनचे पैसे माझ्या पोस्टाच्या बचतीतून गेले. मी पलंगावर पडल्यापडल्या त्या कागदावर माझा सहीचा शिक्का मारला होता, आणि शाईचा डबा त्यानेच माझ्यासमोर धरला होता. तो हे विसरला असेल असं मला वाटत नाही. मी विसरले असेन असं त्याला वाटलं.

मी म्हटलं, "आणि तिला सांगितलंस की आई देत नाही?"

"मग काय सांगायचं होतं? तुझं नाव घेतलं की ती पुढे बोलायची नाही, हे मला माहीत होतं."

हे मात्र अजून उतरत नाही घशाखाली. कपाट विकलं ते विकलं. त्याने मला आणि तुला एकमेकींपुढे कुंपण म्हणून उभं केलं, आणि आपण दोघी तीन वर्षं इमानेइतबारे उभ्या राहिलो. तू मला चोर समजत होतीस, मी तुला. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगणार?

झोपायला जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, कानाएला यातलं काही सांगू नकोस, आता उकरून कुणाचं भलं होणार आहे? सरळ विनंती होती. तेहतीस वर्षांत त्याने मला एवढं सरळ काही मागितलं नव्हतं.

कपाट तुझं आहे, ते तुझ्याकडे येईल. कसं ते मी बघते. बाकी मी काय करणार ते मला विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

हात्सुए

मात्सुमोतो
२ डिसेंबर

सुमिए,

तुझं उत्तर वाचलं. तू लिहितेस, राहू दे कपाट, त्या मुलीलाच द्या, तिला आई नाही. असं काही लिहून तू मला लाजवू नकोस. ते तुझ्या पणजीचं आहे, मोमोसे घराचं नाही, मग मी कोण देणारी?

फुरिहाताने ते सोडलं. फुकट नाही, तसला तो माणूस नाही. त्याच्या बदल्यात मी त्याला माझं कपाट दिलं. एकोणीस वर्षांची असताना घेऊन आलेलं, इथलंच काम, तुझ्या कपाटाइतकं नाजूक नाही पण भक्कम. चार माणसं ते उचलून गल्लीतून घेऊन गेली तेव्हा सगळ्या दारांतून डोकी बाहेर आली. एकीने विचारलं, हात्सुएसान, बरं वाटत नाही का? दुसरीला वाटलं असावं की मी आवराआवर करायला लागले, कारण ती संध्याकाळी सूप घेऊन आली. माझे किमोनो आता सफरचंदांच्या खोक्यांत आहेत आणि त्यांना वास छान येतो. मला मुलगी नाही. ते कपाट पुढे कुणाकडे गेलं असतं? नोबुकडेच, आणि त्याच्याकडून फुरिहाताकडेच. मधला माणूस वाचला.

वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. पण ते माझं होतं, म्हणून मला देता आलं.

आता कानाएचं. ती रविवारी हिवाळ्यासाठी भाजीच्या पाल्याची लोणची घालायला मदतीला आली होती. बाहेर नळाशी बसून आम्ही पाला धूत होतो, पाणी इतकं गार की बोटं आपली वाटत नव्हती. नोबु घरी नव्हता. तो आता जेवायलाही घरी येत नाही, आणि बोलतो ते भिंतीशी. दोन आठवडे मी स्वतःला समजावत होते की सांगायचं नाही. लग्न झालं की सुधारेल. पोरगी हळवी आहे, तिला कशाला. आणि दुसऱ्यांदा लग्न मोडलं तर या गल्लीत मी तोंड कसं दाखवू? हेही होतं, खोटं कशाला लिहू?

मग तिने विचारलं, "आई, ते फुलपाखराचं कपाट विकलं गेलं का? दुकानात दिसलं नाही."

मी सांगितलं. सगळं नाही, कपाटाचं सांगितलं. कुणाचं होतं, कुणी विकलं, कुणाच्या नावाने थाप मारली. हातातली जुडी धुऊन झाली, तिने दुसरी घेतली, तीही नीट धुतली, देठांतली माती काढून. मग म्हणाली, "सुमिएसाननी घर का सोडलं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"नाही."

"आणि मला नोबुहारूसान म्हणाले की ती इथल्या थंडीला कंटाळून गेली."

मला त्याने सांगितलं होतं की तुला सासूच्या हाताखाली राहायचं नव्हतं. म्हणजे तिला एक कारण, मला दुसरं. मी हे तिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, दातांकडे नाही, डोळ्यांत, आणि म्हणाली, "मग मीच विचारते सुमिएसानना."

उरलेला पाला आम्ही दोघींनी पिंपात भरला, मीठ घातलं, वर दगड ठेवला. ती जेवून गेली. जाताना तिने तुझा पत्ता मागितला आणि मी दिला.

तर आता नीट ऐक. कपाट शुक्रवारी ट्रकने निघेल. आतला एकही खण मी उघडलेला नाही, त्या दिवशी दुकानात उघडले ते सोडून, तेव्हा मला ते तुझं आहे हे माहीत नव्हतं. इथली हवा कोरडी, तुमची दमट, तेव्हा खण काही दिवस घट्ट बसतील. ओढाताण करू नकोस, तुझे मामा सांगतील तसं कर.

शनिवारी कानाए नागोयावरून आगगाडीने येईल. राखी कोट, लहान बांधा, हातात बहुतेक आमच्या लोणच्याची पिशवी असेल, मी बळेच दिली आहे. ती फार वेळ दारातच उभी राहील, तिला आत ओढून घे. तुमचा तो पांचट रस्सा करून घाल. गरम असतो, एवढा त्याचा गुण मी मान्य करते.

नोबुला मी सांगितलेलं नाही. त्याला कळलं तर तो तिला आधी गाठेल, हसून सुरुवात करेल आणि ती निघणार नाही. तो माझा मुलगा आहे आणि मी त्याच्यापासून लपवून त्याच्या होणाऱ्या बायकोला तुझ्या दारात पाठवते आहे.

ती तुला विचारेल, तो कसा आहे. हेच तिने मला विचारलं असतं तर मी काहीतरी बरं सांगितलं असतं. लहानपणी वडील वारले तेव्हा तो माझ्याजवळ कसा बसून राहिला, ते सांगितलं असतं, आणि ते खरं आहे. त्याच्या बाजूचं एकेक खरं काढून मी तिच्यापुढे मांडलं असतं आणि ती एप्रिलमध्ये या घरात आली असती. आई आहे, मला सुचत गेलं असतं. जन्मभर सगळ्या जगावर संशय घेतला. या एका बाबतीत माझा स्वतःवर आहे.

तेव्हा तू सांग. तू का गेलीस, ते तिला पहिल्यापासून सांग. माझा मुलगा आहे म्हणून त्यातलं काही वगळू नकोस.

हात्सुए